नैराश्यावर कोणाला कोणते औषध लागू पडेल, हे मशीन लर्निंग आधीच सांगू शकते का?

तुम्ही लिहिले आहे की आईची दोन औषधे बदलून झाली, गुण आला नाही, आणि आता एक कंपनी पैसे घेऊन तिच्या माहितीवरून संगणकाद्वारे योग्य औषध निवडून देऊ म्हणते. तिथे जावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: आज जाऊ नका, आधी घरात शिल्लक राहिलेल्या गोळ्या मोजा.

मी गोव्यात फोंड्याला 19 वर्षे औषधांचे दुकान चालवते. माझी थोरली बहीण साखळी गावी असते. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. तिला नैराश्य आले तेव्हा डॉक्टरांनी प्रथम एस्सिटालोप्राम दिले. पोट बिघडते म्हणून तिने ते दोन आठवड्यांत सोडले. मग सर्ट्रालिन सुरू झाले. सहा आठवडे उलटले तरी ती दुपारी दोन वाजेपर्यंत अंथरुणातच असायची आणि तिची वेणीसुद्धा मी रविवारी गेले की घालायची.

त्याच सुमारास धाकटा भाऊ बंगळूरहून चवथीला आला. त्याचे कामच मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज बांधणारे संगणकाचे प्रोग्राम, तयार करण्याचे. घरात गणपतीवर फळापानांची माटोळी बांधण्याची गडबड चालू असताना त्याने लॅपटॉपवर ताईचा तक्ता केला: एस्सिटालोप्राम, निष्फळ, सर्ट्रालिन, सहा आठवडे, निष्फळ. इंटरनेटवर मिळालेल्या माहितीवर शिकवलेल्या मॉडेलमध्ये त्याने हे घातले आणि सांगितले, की ही दोन्ही ज्या गटातली, त्या गटातील औषधे ताईसाठी नाहीतच, डॉक्टर उगाच वेळ घालवत आहेत. बाहेरच्या खोलीत पंधरा माणसे बसली होती. त्यांच्यासमोर तो मला म्हणाला, "तू गोळ्या विकतेस, आकडे मला कळतात."

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या स्वयंपाकघरात साखर शोधत होते, तेव्हा फळीवर डब्यामागे सर्ट्रालिनच्या स्ट्रिपा सापडल्या. पाच स्ट्रिपा माझ्याच दुकानातून गेल्या होत्या, म्हणजे 50 गोळ्या. त्यांपैकी 25 शिल्लक होत्या. 42 दिवसांत 42 गोळ्या जायला हव्या होत्या, गेल्या होत्या 25. गोळी न्याहारीनंतर घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सोमवार मंगेशाचा, गुरुवार दत्ताचा, शिवाय एकादशी. उपवासाला न्याहारी नाही, म्हणून गोळीही नाही. गोळी चुकली की पुढे तिला गरगरायचे, तो त्रास औषधाचाच आहे असे तिला वाटायचे, आणि मग ती आणखी एक दिवस टाळायची. डॉक्टरांनी "गोळ्या चालू आहेत ना?" एवढेच विचारले होते आणि ती "हो" म्हणाली होती. त्यात खोटे काहीच नव्हते, गोळ्या चालूच होत्या.

डॉक्टरांना सगळे सांगितल्यावर त्यांनी औषध तेच ठेवले आणि वेळ रात्रीच्या जेवणानंतरची केली; उपवासाच्या दिवशी फराळानंतर घेतली तरी चालेल, असेही सांगितले. आठव्या आठवड्यात मी गेले, तेव्हा ताई दारात उभी राहून बांगड्यांच्या वाट्यावरून मासळीवालीशी हुज्जत घालत होती. मला रडू आवरेना.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मॉडेल अस्तित्वात आहेत आणि त्यांमागचे संशोधन प्रामाणिक आहे. अमेरिकेतील 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासात 4,000 च्या वर रुग्ण होते आणि सिटालोप्राम या पहिल्या औषधाने जेमतेम एकतृतीयांश रुग्णांची लक्षणे पूर्ण ओसरली. त्याच माहितीवरून 2016 मध्ये संशोधकांनी औषधाने लक्षणे ओसरतील की नाही हे सांगणारे 25 प्रश्नांचे मॉडेल तयार केले, ज्यात सुरुवातीची तीव्रता, शिक्षण, नोकरी आहे की नाही, अशा गोष्टी येतात. त्याची अचूकता सुमारे 65 टक्के भरली, दुसऱ्या अभ्यासात एस्सिटालोप्राम घेणाऱ्यांवर ती 60 टक्क्यांच्या आसपास आली, आणि व्हेनलाफॅक्सिन व मिर्टाझापिन ही दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांच्या बाबतीत मॉडेलचा अंदाज नाणे उडवण्याहून फारसा सरस ठरला नाही. पुढे 2024 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात स्किझोफ्रेनियाच्या औषधांविषयी असाच अभ्यास आला. एका चाचणीवर शिकवलेली मॉडेल त्याच चाचणीतील रुग्णांबाबत छान चालली, पण दुसऱ्या चाचणीतील रुग्ण समोर येताच त्यांचे अंदाज निव्वळ योगायोगाच्या पातळीवर आले. मग परक्या देशातील नोंदींवर शिकलेले मॉडेल साखळीच्या बाईबद्दल छातीठोकपणे बोलू शकते, हे मी कसे मान्य करावे? यंत्राला "निष्फळ" हा शब्द दिला, तर ते "निष्फळ" एवढेच शिकते. त्या शब्दामागे फळीवर राहिलेल्या 25 गोळ्या आहेत, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

औषधाशिवायचा उपायही विचारात घ्या. आपल्या गोव्यातच, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, 'संगाथ' संस्थेने 495 रुग्णांवर अभ्यास केला, तो 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, आणि तीन महिन्यांनी त्या गटातील 64 टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. या बैठका कोणाला आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध कोणाला, हे आधीच ओळखता यावे म्हणून भोपाळमध्ये अभ्यास हाती घेण्यात आला. आपल्याच माणसांच्या नोंदींवर शिकलेले मॉडेल उद्या आले, तर मी ते मनापासून वापरीन.

भाऊ अजूनही म्हणतो की ताईचे उदाहरण अपवाद होते. मला ते पटत नाही. पहिल्या महिन्याची स्ट्रिप नेऊन दुसऱ्या महिन्याला न फिरकणारी माणसे मी काउंटरवरून रोज पाहते, आणि त्यांच्या कागदावरही पुढे "लागू पडले नाही" असेच लिहिले जाते. एक मात्र कबूल करते, की ज्यांनी औषध पूर्ण मात्रेत, पुरेसे आठवडे, न चुकता घेतले आणि तरीही गुण आला नाही, त्यांच्यासाठी आज डॉक्टरांकडेही करून पाहणे हाच मार्ग उरतो, आणि तिथे भावाच्या विद्येची खरी गरज आहे.

मी डॉक्टर नाही, म्हणून हेही लिहून ठेवते: हे वाचून आईचे औषध परस्पर बंद करू नका किंवा वाढवू नका. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेविना राहण्याचा काळ येऊन गेला असेल तर तोही सांगा, कारण तसे असल्यास उपचारच वेगळा असतो. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस चालतो.

पुढच्या भेटीला जाताना दोन्ही औषधांच्या उरलेल्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांच्या टेबलावर ठेवा.