वीस वर्षांनी कन्फेशन, रजिस्टर लग्न आणि एक जुना अपमान

प्रश्न : माझ्या दिरांनी वीसेक वर्षांपासून मिस्सा (कॅथलिक चर्चमधली उपासना) सोडली आहे. सासूबाई वारल्यापासून स्वतःच म्हणतात, "एकदा जाऊन यायला हवं." पण कन्फेशनचं (फादरांपुढे पापं कबूल करण्याचं) नाव काढलं की उठून जातात. घरच्यांनी काय करावं?
– एक वहिनी, वसई

उत्तर : जायचं त्यांच्या मनात आहे, त्यामुळे उपदेश नको. भीती कशाची आहे ते शोधा. बहुधा ती तीनांपैकी एक असते. प्रार्थना आठवत नाहीत, इतक्या वर्षांचा हिशेब कसा द्यायचा कळत नाही, किंवा फादर ओळखीचे आहेत.

प्रार्थना विसरल्या तरी अडत नाही. "फादर, वीसेक वर्षांनी आलोय, कसं करायचं ते आठवत नाही," एवढं म्हटलं की पुढचं फादर विचारून करून घेतात. हिशेबाचं म्हणाल, तर गंभीर पापं कोणती आणि अंदाजे किती वेळा एवढंच सांगायचं असतं. तारीखवार यादी कुणी मागत नाही. "वीस वर्षं रविवारची मिस्सा जवळजवळ चुकवलीच" या एका वाक्यात मोठा भाग उरकतो. एखादं पाप खरोखर विसरलं, तर त्याचीही क्षमा होते. मागाहून आठवलं तर पुढच्या खेपेला सांगावं. गंभीर पाप मुद्दाम लपवलं, तर मात्र कन्फेशन वाया जातं. फादरांचा संकोच वाटत असेल, तर शेजारच्या धर्मग्रामात (दुसऱ्या भागातल्या चर्चमध्ये) खुशाल जावं, चिठ्ठीचपाटी लागत नाही. कन्फेशनमधलं गुपित उघड फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी बहिष्कृत होतो, हेही त्यांच्या कानावर घाला.

घरचे चुकतात ते वेळ निवडताना. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मोठी रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन मिनिटं येतात. वीस वर्षांनी आलेला माणूस तिथे गडबडतो आणि पुन्हा फिरकत नाही. फादरांना आधी फोन करून आठवड्यातल्या एखाद्या दिवशी अर्धा तास मागून घ्या. सोबत जा, पण बाहेर थांबा, आणि परतताना "काय सांगितलं?" असं चुकूनही विचारू नका.

तेवढीही तयारी नसेल, तर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सासूबाईंच्या कबरीवर मेणबत्ती लावायला न्या. राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळावर राख घ्यायलाही कन्फेशनची अट नाही, कारण तो बाप्तिस्म्यासारखा संस्कार नव्हे. रविवारी न दिसणारी कितीतरी माणसं सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला किंवा बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला हमखास जातात. त्यांना "तिथे बरी वेळ मिळते" असा टोमणा मारणारे नातेवाईक उरलासुरला धागाही तोडतात.

प्रश्न : मुलीने हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. तिला आता चर्चने काढून टाकलंय का? जावई धर्म बदलणार नाहीत.
– एक आई, नालासोपारा

उत्तर : काढलेलं नाही. ती मिस्सेला येऊ शकते, प्रार्थनेत सहभागी होऊ शकते. लग्न चर्चच्या नियमात बसेपर्यंत तिला कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नाही, इतकंच. जावयांनी धर्म बदलण्याची अटही नाही.

मुलीने धर्मग्रामगुरूंना (आपल्या चर्चच्या प्रमुख फादरांना) भेटावं. सोबत स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला न्यावा. तो कपाटातला जुना चालत नाही. स्नानसंस्कार झालेल्या चर्चमधून गेल्या सहा महिन्यांत काढलेला लागतो, कारण लग्नाची वगैरे नोंद त्याच रजिस्टरात होते. शिवाय रजिस्टर लग्नाचा दाखला आणि दोघांचं आधीचं लग्न नसल्याचा पुरावा हवा. बाकी कागद धर्मप्रांतागणिक (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागागणिक) थोडे बदलतात. अशा लग्नाला परवानगी बिशप देतात. आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन मुलगी देते. जावयांना त्या वचनाची कल्पना दिली जाते, त्यांच्याकडून वचन घेतलं जात नाही. हे आधीच नीट सांगितलं नाही, तर "मला ख्रिस्ती करायला निघालेत" असा त्यांचा समज होतो आणि सगळं तिथेच अडतं.

त्यानंतर दोन साक्षीदारांसमोर साधा विधी होतो. "एकदा लग्न झालंय, पुन्हा कशाला?" म्हणून जावई तयार नसतील, तरी वाट बंद होत नाही. दोघांची संमती कायम असेल, तर बिशप ते लग्न मुळापासून वैध ठरवू शकतात आणि शपथा पुन्हा घ्याव्या लागत नाहीत. फादर हा पर्याय आपणहून सुचवतीलच असं नाही, तुम्ही विचारा. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न होऊन मोडलं असेल, तर ते जावयांचं हिंदू पद्धतीचं असलं तरी आधी चर्चच्या न्यायालयात तपासावं लागतं. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आधीचं लग्न अवैध ठरवायला लागणाऱ्या दुसऱ्या निकालाची सक्ती काढल्यापासून हे काम पूर्वीपेक्षा लवकर होतं.

प्रश्न : भाऊ दुसऱ्या प्रार्थना गटात गेला, तिथे पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. परत यायचं तर तिसऱ्यांदा घ्यावा लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. लहानपणचा स्नानसंस्कार कायमचा असतो, तो पुन्हा देता येत नाही. फादरांशी बोलणं आणि कन्फेशन, इथून सुरुवात होते. जेवणाच्या ताटावर मरियामाता आणि मूर्ती यांवरून वाद घालू नका. तो गेला तेव्हा घरात आजारपण किंवा कर्ज होतं का, आणि आपल्या समूहातलं (चर्चच्या शेजारगटातलं) कोण विचारपूस करायला गेलं होतं, ते आधी आठवून पाहा.

प्रश्न : वडिलांच्या दफनाच्या वेळी झालेल्या अपमानामुळे शेजाऱ्यांनी चर्च सोडलं. त्यांना कसं समजवावं?
– एक समूहप्रमुख, विरार

उत्तर : समजावू नका, ऐका. पहिल्या भेटीत चर्चची बाजू मांडू नका, "फादरांचा तसा हेतू नसेल" हेही नको. अपमान करणाऱ्या फादरांनी स्वतः येऊन माफी मागितली तर उत्तम. त्यांची बदली झाली असेल, तर आताच्या फादरांनी घरी जावं आणि वडिलांच्या नावाने मिस्सा ठेवावी.

मात्र दुखापत लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची असेल, तर परत येण्याचा विषयच काढू नका. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते तुम्हालाही लागू आहे.