गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोचे लोक इतके चाहते कसे होतात? मला तर त्यात नाटकच जास्त दिसतं.

नाटक असतंच, त्यावर वाद नाही. प्रोमोमधले अश्रू, परीक्षकाचा तोच चकित चेहरा तीन कोनांतून, निकालाआधी ताणलेली शांतता. मी पक्की चाहती असूनही हे सगळं पुढे पळवते. पण तुम्ही 'कसे होतात' असं विचारलंय, म्हणून माझ्यापुरतं सांगते.

मला हे वेड लावलं झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ने, २००८-०९ च्या पर्वाने. पल्लवी जोशींचं निवेदन, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि पुढे 'पंचरत्न' म्हणून ओळखली गेलेली पाच मुलं: आळंदीची कार्तिकी गायकवाड, लातूरचा रोहित राऊत, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे.

पहिल्याच भागात कोणी चाहता होत नाही. पहिल्या भागात सगळीच मुलं गोड वाटतात आणि सगळ्यांचं कौतुक सारखंच होतं. गंमत सुरू होते ती पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून. एरवी आपण गायक ऐकतो तो त्याच्या गळ्याला शोभणाऱ्या, स्टुडिओत घासूनपुसून घेतलेल्या गाण्यांतून. इथे तोच गळा एका आठवड्यात नाट्यगीत घेऊन उभा राहतो, पुढच्या आठवड्यात लावणी, मग भावगीत, मग एखादं उडतं हिंदी गाणं. काही गाणी त्याला अजिबात झेपत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच कान उघडतात. मुखडा सुरेख जातो, पण अंतरा वर चढला की आवाज बारीक होतो. म्हणजे पट्टी, गाण्याचा मूळ सा, जरा उंच घेतली गेली. शब्द मधेच तुटतो. म्हणजे श्वास चुकीच्या जागी घेतला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एकच आवाज आठवड्यामागून आठवडे ऐकत गेलं की ते आपोआप कळायला लागतं. 'कणसूर झालं', म्हणजे सूर किंचित सुटला, असं आपण परीक्षकाच्या आधी म्हणतो आणि मग परीक्षकही तेच म्हणतो, तो क्षण फार वाईट. त्यानंतर सुटका नाही.

त्या कार्यक्रमात गुण आकड्यांत नसायचे, स्वरांत असायचे. सारेगमपधनि या क्रमात जितका वरचा स्वर, तितकं कौतुक जास्त: 'ध' मिळाला की ठीक, 'नि' मिळाला की टाळ्या. ही युक्ती भलतीच चलाख होती, कारण घरोघरी लोक स्वतःचा स्वर आधी जाहीर करून बसायचे. आमच्याकडे आई कंजूष. तिच्याकडून 'नि' काढणं अवघड. मुग्धा स्टेजवर आली की माझी धाकटी मावशी गाणं सुरू व्हायच्या आधीच 'नि' देऊन मोकळी.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे नवखा प्रेक्षक बघतच नाही: मागचे वादक. कमलेश भडकमकरांचं संयोजन, अमर ओकांची बासरी, निलेश परबांची ढोलकी. अनेकदा स्पर्धक डगमगतो आणि ही मंडळी त्याला हलकेच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून ठेवतात. खरं सांगायचं तर अर्धी चाहती मी त्यांचीच आहे.

मतदानाचं मात्र मला कधीच फारसं कौतुक वाटलं नाही. एकच माणूस कितीही एसएमएस पाठवू शकत असेल, तर त्यातून गाण्याचं मोजमाप होत नाही, पाठीराख्यांच्या उत्साहाचं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत महाअंतिम फेरी झाली, कार्तिकी जिंकली आणि आमच्या घरात त्यावर आठवडाभर भांडणं झाली. पण पुढे पाचही जण गात राहिले, आणि २०२१ च्या पर्वात तर पाचही जण परीक्षणाच्या खुर्च्यांवर बसले. मग पहिला कोण आला याला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

तुम्हाला खरंच करून बघायचं असेल, तर कुठल्याही पर्वाच्या मधल्या भागांपासून सुरुवात करा, दहा-बारा स्पर्धक उरलेले असताना. स्पर्धकाच्या घरची, कष्टांची चित्रफीत लागली की आवाज बंद करा. ती खोटी असते म्हणून नाही, तर ती पाहिल्यावर गाणं आपण दयेने ऐकायला लागतो म्हणून. एखादा असा स्पर्धक निवडा जो सगळ्यांचा लाडका नाही, पण ज्याचा आवाज तुम्हाला ओळखू येतो. त्याचं प्रत्येक गाणं ऐका, आणि जमलं तर लगेच मूळ गाणंही ऐका. मूळ गायकाने जी जागा, म्हणजे सुरांची जी खास वळणं, सहज घेतली ती किती अवघड होती, हे तेव्हाच समजतं.

निकालाचा भाग चुकला तरी काही बिघडत नाही. त्यात गाणी कमी आणि जाहिराती जास्त असतात.