आजी ‘काम’ का म्हणते

प्रिय ओवी,

परवा आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर नाटक बघून झालं आणि आजी डोळे पुसत म्हणाली, “काय काम केलंय गं बाईनं!” त्यावर तू मला विचारलंस, एवढं रडवणाऱ्या अभिनयाला आजी नुसतं ‘काम’ का म्हणते? बाबा ऑफिसला जातो तेही कामच ना? मी भांडी आवरत होते. “आपल्यात तसंच म्हणतात,” एवढं बोलून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून आता नीट लिहिते.

नाटकाच्या खेळाला आपण ‘प्रयोग’ म्हणतो आणि ते प्रयोग मोजतो. जाहिरातीत शंभरावा, पाचशेवा असे आकडे छापून येतात. म्हणजे जी बाई तुला एकदा रडवते, ती तेच रडणं दुपारी एका गावात आणि रात्री दुसऱ्या गावात पुन्हा करते. प्रवासात घसा बसलेला असतो, घरी कुणी आजारी असतं, तरी तिसरी घंटा झाली की सगळं पहिल्यापासून सुरू. कालचं रडणं आजच्या प्रेक्षकाला चालत नाही. हे सगळं आजीला ठाऊक आहे, म्हणून तिच्या तोंडी तो शब्द येतो.

आजीची लाडकी म्हणजे भक्ती बर्वे. पु. ल. देशपांडे यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ लिहिलं, ते १९७५ साली रंगभूमीवर आलं आणि फुलं विकणारी मंजुळा भक्ती बर्वे यांनी केली. यातली गंमत तुला सांगायलाच हवी. त्या मुंबई दूरदर्शनवर बातम्या देत. त्यांचा तो स्वच्छ, घोटीव आवाज लोकांच्या ओळखीचा होता. मंजुळा मात्र सुरुवातीला न-ण, स-श यांची मोडतोड करत बोलते. म्हणजे या बाईला आधी स्वतःची शुद्ध वाणी विसरायची होती आणि मग तीच वाणी, जणू आयुष्यात पहिल्यांदा, प्रेक्षकांसमोर अडखळत शिकायची होती. आणि शुद्ध बोलू लागली तरी आतली मंजुळा मरू द्यायची नाही! तिला शुद्ध बोलायला शिकवणाऱ्या मास्तरला धडा शिकवायची शपथ मंजुळा घेते, ते स्वगत आजही एकपात्री स्पर्धांमध्ये मुली म्हणतात. बहुतेकींना त्यातला राग सापडतो. त्या रागाखाली अपमान झालेलं एक पोर आहे, ते दिसायला भक्ती बर्वेच लागत, असं आजी म्हणते. २००१ साली रस्त्यावरच्या अपघातात त्या गेल्या, तेव्हा आजी दोन दिवस गप्प होती. घरातलंच कुणी गेल्यासारखी.

मला विचारशील तर माझं मन सुलभा देशपांडे यांच्याकडे ओढ घेतं. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७चं नाटक. हौशी नाटकवाली मंडळी वेळ जावा म्हणून खोटा खटला भरतात, आणि लीला बेणारे या शिक्षिकेला आरोपी करून खेळता खेळता तिचं खासगी आयुष्य उघडं पाडतात. ही बेणारे सुलभाताईंनी केली. शेवटी तिला बोलायला दहा सेकंद मिळतात. मग बाकीची सगळी पात्रं जागच्या जागी गोठतात आणि ती मोठं स्वगत बोलते. लक्षात येतंय का? ते आपण ऐकतो, कोर्टातलं कुणीच ऐकत नाही. नुसता आवाज चढवून ते होत नाही. सुरुवातीला हसत, चिमटे काढत आलेली बेणारे प्रेक्षकाला आवडलेली असली, तरच तिचं शेवटचं बोलणं आत घुसतं. खरं काम त्या पहिल्या हसण्यात असतं. मी ते फक्त चित्रपटात पाहिलंय, १९७१च्या, त्यातही बेणारे सुलभाताईच आहेत. नाट्यगृहात ते पाहिलेल्यांचा मला हेवा वाटतो.

वर्तमानपत्रातल्या परीक्षणांचं मात्र मला फारसं कौतुक नाही. ‘भूमिकेचं सोनं केलं’, ‘सहजसुंदर अभिनय’, ‘भूमिका जगली’ ही वाक्यं कुणालाही चिकटवता येतात. सहजसुंदर म्हणजे नेमकं कुठे, कुठल्या वाक्याला, हे कळत नाही. चांगला समीक्षक तिनं कुठे श्वास घेतला, कुठे पाठ फिरवली, कुठे समोरच्या नटाचं वाक्य नुसतं ऐकलं, ते सांगतो. आपला जाणता प्रेक्षकही तेच करतो. तो नेमक्या जागी टाळी देतो. पात्र बोलून विंगेत गेलं की एक्झिटला टाळी पडते, आणि कधी कधी टाळी न पडता सगळं नाट्यगृह गप्प होतं, तीही दादच असते. प्रयोग संपल्यावर लोक आत रंगपटात जातात. मेकअप अर्धा पुसलेल्या नटीला एखादी अनोळखी बाई हात धरून म्हणते, “फार छान काम केलंत हो.” आजीनंही असं केलंय.

एक गोष्ट मला आपल्या लोकांची खटकते. जुनी भूमिका नव्या मुलीनं केली की खुर्चीत टेकताच ‘भक्तीची सर नाही’ सुरू होतं. फुलराणी पुढे इतरही गुणी नट्यांनी केली. त्यांना त्यांची स्वतःची फुलराणी करू द्यावी, असं मला मनापासून वाटतं. आजीशी माझं यावरून दरवेळी वाजतं.

रविवारी तिला फोन करशील तेव्हा विचार, फुलराणीच्या कुठल्या वाक्याला टाळी पडायची. ती वाक्य म्हणून दाखवील, हातवाऱ्यांसकट. मला हाक मार, मीही येते ऐकायला.

तुझी,
आई