गावचा वारसा आणि मंडळाची वही

मागच्या अंकात मी आमच्या वारसा मंडळाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठा आला. पुण्यातल्या या छोट्या मंडळाची मी चोवीस वर्षं चिटणीस होते. नोकरी बँकेत, इतिहासाची पदवी नाही. त्यामुळे मंडळ कसं चालतं, कुठे अडतं, एवढंच मी सांगू शकते. आलेल्या पत्रांतले चार प्रश्न इथे घेते.

*

प्रश्न : ताई, नाशिकमध्ये आम्ही सहा मित्रमैत्रिणींनी तीन वर्षांपूर्वी जुन्या गावात रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. आता व्हॉट्सअॅपच्या गटात तीनशेच्या वर माणसं आहेत. फेरीला गर्दी होते, पण पत्रं लिहायला, परवानग्या काढायला आम्ही सहाच. रीतसर मंडळ नोंदवून वर्गणी घ्यावी असं वाटतं. सुरुवात कशी करावी आणि वर्गणी किती ठेवावी?
— एक वास्तुविशारद, नाशिक

नोंदणी जरूर करा. पण त्याआधी एक जाड दोनशे पानी वही आणा.

का ते सांगते. आमच्या मंडळात पहिली पाच वर्षं नुसती व्याख्यानं व्हायची. वक्ते चांगले, विषय चांगले, पहिल्या वर्षी सभागृह भरायचं. मग ओसरत ओसरत एका पावसाळी संध्याकाळी नऊ माणसं उरली, त्यांतले चार कार्यकारिणीचे. तेव्हा आमच्या एका वयस्क सभासदांनी सुचवलं, की पानशेतच्या पुराच्या खुणा गोळा करू या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. मी तेव्हा सात वर्षांची होते. शनिवार पेठेतला आमचा वाडा त्या पाण्यात बसला. आईनं देवघरातली अन्नपूर्णा तेवढी पदरात बांधून आणली होती.

काम साधं होतं. प्रत्येक सभासदाला एक बोळ. त्या बोळातलं जुनं घर शोधायचं, घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं. त्यांनी हात ठेवला त्या जागेची उंबऱ्यापासूनची उंची टेपनं मोजायची आणि वहीत लिहायची : तारीख, घर, कोणी सांगितलं, ते स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. बस. व्याख्यानाला कधी तोंड न उघडणारी माणसं या कामात बोलायला लागली. एका निवृत्त पोस्टमनकाकांनी एकट्यानं चार बोळं पुरी केली. त्यांना दारं माहीत होती आणि दारांना ते. त्या वर्षी ज्यांनी एक तरी नोंद केली, त्यांतलं कोणीही पुढे मंडळ सोडून गेलं नाही. ऐकायला आलेला माणूस दोन पावसाळे टिकतो. ज्याच्या हस्ताक्षरात वहीचं एक पान आहे, तो आजारी पडला तरी फोन करून विचारतो, माझ्या बोळाचं काय झालं.

तुमच्याकडे तर हे काम हाक मारतंय. गोदेचा पूर तुम्ही नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजता : गुडघ्याला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी लागल्याच्या गोष्टी घराघरांत आहेत. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं आज साठी-सत्तरीपुढची आहेत. २००८ चा पूर तुमच्या तीनशेंपैकी कित्येकांनी स्वतः पाहिला असेल. सराफ बाजारात, भांडी बाजारात, घाटालगतच्या गल्ल्यांत दुकानदारांना विचारायला माणसं लावा. तीनशेंपैकी तीस जण हे काम अंगावर घेतील. तेच तुमचे सभासद. उरलेले फेरीला येतील, त्यांचंही स्वागत करा, पण मंडळाचा हिशोब त्यांच्यावर मांडू नका.

आता नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात माणसं लागतात. तुम्ही सहा आहात. सातवं माणूस हिशोब ठेवू शकणारं बघा. आपल्या राज्यात त्याच संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते आणि पुढचा सगळा संबंध धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी येतो. विधानपत्र (संस्थेचे उद्देश सांगणारा कागद) आणि नियमावली दुसऱ्या कुणाची उतरवून घेऊ नका. गणपूर्ती किती, म्हणजे सभेला किमान किती सभासद हजर हवेत, सभा तहकूब झाली तर अर्ध्या तासानं त्याच जागी घेता येईल का, वर्गणी किती महिने थकली की मताचा हक्क जातो, या तीन गोष्टी स्वतः बसून लिहा. सगळी भांडणं तिथूनच निघतात.

आणि एक चूक, जी आम्ही केली. निवडणूक होऊन कार्यकारिणी बदलली, की नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे या बदलाची कागदोपत्री खबर, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. माझ्या आधीच्या काळात सलग तीन निवडणुकांचा राहून गेला होता. मी चिटणीस झाले तेव्हा कागदोपत्री विश्वस्त म्हणून ज्यांची नावं होती, त्यांतले दोघं हयात नव्हते. बँकेत सह्या बदलेनात, ठेव मोडता येईना. जुनी इतिवृत्तं शोधून, वारसांच्या घरून मृत्यूचे दाखले आणून सगळं मार्गी लागायला पावणेदोन वर्षं गेली. त्या काळात एकही नवा उपक्रम झाला नाही. निवडणुकीच्या रात्रीच कॅलेंडरवर नव्वदावा दिवस लाल पेननं लिहून ठेवा. हिशोब ३१ मार्चला बंद करा आणि मे महिन्यातच लेखापरीक्षकाच्या हाती द्या.

वर्गणी : वार्षिक तीनशे ते पाचशे ठेवा आणि दर वर्षी मागा. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. पण वर्गणीच्या निमित्तानं वर्षातून एकदा प्रत्येकाशी बोलणं होतं, तेच खरं मोलाचं. आजीव सभासदत्वाच्या मोहात पडू नका. आमच्याकडे एके काळी पाचशे रुपयांत आजीव सभासद केले आणि तो पैसा व्याख्यानमालेत खर्च झाला. माणसं मात्र यादीत राहिली. कुणी मुलाकडे परदेशी, कुणाचा पत्ता बदललेला. दर वर्षी त्यांना सभेची सूचना पाठवायची आणि दर वर्षी गणपूर्ती अडायची. आजीव करायचेच असतील, तर वार्षिक वर्गणीच्या पंधरा-वीसपट घ्या, ती रक्कम मुदत ठेवीत टाका आणि फक्त व्याज वापरा. विद्यार्थ्यांकडून पन्नास रुपये घ्या, फुकट नको. पन्नास रुपयांची पावती जपून ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत.

फेरीबद्दल एवढंच : पंचवीसच्या वर माणसं नेऊ नका. बोळात शेवटच्याला ऐकू येत नाही आणि रहिवाशांची वाट अडते. एक सभासद सगळ्यांच्या मागे चालणारा नेमा, गुडघे दुखणाऱ्या माणसाबरोबर.

*

प्रश्न : आमच्या गावात आठ-दहा जुने वाडे शिल्लक आहेत. आम्हाला त्यांची मोजमापं आणि छायाचित्रं घ्यायची आहेत. पण मालक दारातूनच परत पाठवतात. एकांनी तर आमच्यावर पोलिसांत जाण्याची धमकी दिली. वारशाबद्दल लोकांना काहीच कसं वाटत नाही?
— एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा

बाई, वाटतं. त्यांना आपल्यापेक्षा जास्त वाटतं, कारण गळणाऱ्या छपराखाली ते झोपतात.

त्यांच्या बाजूनं बघा. एका वाड्याला चौदा वारस, त्यांतले निम्मे बाहेरगावी. भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडं महिना पंचवीस रुपये. सागवानी तुळईला वाळवी लागली तर ती बदलण्याचा खर्च लाखात. अशा घरात कॅमेरा आणि टेप घेऊन सहा अनोळखी माणसं आली, की मालकाच्या मनात एकच येतं : हे नाव कुठल्या तरी यादीत घालतील आणि उद्या वाडा विकता येणार नाही, पाडता येणार नाही. ही भीती बिनबुडाची नाही. महापालिका वारसा यादीत वास्तूंना श्रेणी देतात आणि त्यावरून बदलांवर बंधनं येतात. म्हणून पहिल्याच भेटीत खरं सांगा, की आमची वही सरकारी नाही आणि तुमच्या परवानगीशिवाय त्यातलं पान बाहेर जाणार नाही. आणि ते पाळा. आमच्या एका उत्साही सभासदानं एका वाड्याच्या दिंडी दरवाजाचा फोटो पत्त्यासकट लोकांत फिरवला. दोन महिन्यांत त्या दरवाजाच्या पितळी कड्या चोरीला गेल्या. वाड्याच्या मालकीण आजींसमोर मी मान वर करू शकले नाही. तेव्हापासून आमच्या कुठल्याही फोटोखाली घर क्रमांक नसतो.

पहिल्या भेटीत टेप नेऊ नका. एक बाई आणि एक तरुण मुलगा अशी दोघंच जा, दुपारी चारनंतर. वाड्याचं विचारू नका, माणसांचं विचारा : तुमचं लग्न याच चौकात झालं का, बाळंतिणीची खोली कुठली, आडाचं पाणी कधी बंद झालं, बळदात धान्य किती मावायचं. घराचा नकाशा असाच हाती येतो. ओसरी, सोपा, माजघर, देवघर आपोआप आपापल्या जागी बसतात. दुसऱ्या भेटीत त्यांच्या जुन्या फोटोंच्या चांगल्या प्रती काढून त्यांना भेट द्या. मोजमापाची वेळ तिसऱ्या-चौथ्या भेटीत येते, आणि पुष्कळदा टेपचं दुसरं टोक मालकच धरतात.

वाडा पाडायचा ठरलाच असेल, तर भांडायला जाऊ नका. पाडण्याआधी दोन दिवस मागा. आमचा वाडा पुरात गेला, तेव्हा दोन दिवस मिळालेच नाहीत. माजघराला किती खण होते यावर माझं आणि भावाचं आजही एकमत होत नाही.

*

प्रश्न : आमच्या फेऱ्यांमध्ये एक सभासद गोष्टी फार रंगवून सांगतात. लोक खूश असतात, पण त्यातलं बरंच खरं नसतं. टोकलं तर ते दुखावतात. काय करावं?
— एक सभासद, सोलापूर

आमच्याकडे हा प्रसंग शनिवारवाड्यासमोर येतो. १७३० साली पायाभरणी, १८२८ ची आग, हे सांगताना लोक घड्याळ बघतात. ‘काका, मला वाचवा’ म्हटलं की सगळे पुढे सरकतात. आम्ही गोष्ट बंद केली नाही. नियम एकच केला : सांगणाऱ्यानं वाक्याच्या सुरुवातीला सांगायचं, की हे कागदावर आहे की लोकांच्या तोंडी आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, हा इतिहास. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका. पौर्णिमेच्या रात्री हाका ऐकू येतात, ही पुण्यातल्या मुलांना घाबरवायची गोष्ट. तिन्ही सांगा, पण तिन्ही वेगवेगळ्या आवाजात.

त्या सभासदांना एकटं गाठून सांगा, चारचौघांत नको. आणि त्यांनाच काम द्या : गावातल्या प्रत्येक आख्यायिकेचं एक पान, ती कुणाकडून ऐकली, साधारण किती जुनी असावी. रंगवून सांगणाऱ्या माणसाला लोक भडाभडा बोलतात. त्यांच्याइतकं हे कुणालाच जमणार नाही.

*

प्रश्न : आमच्या गावातली बारव आम्ही तरुणांनी श्रमदानानं निम्मी साफ केली. आता ढासळलेल्या पायऱ्या सिमेंटनं पक्क्या करून वरून रंग द्यावा असं ठरतंय. गावातून पैसेही जमलेत. बरोबर आहे ना?
— एक तरुण, परभणी जिल्हा

साफ केलीत, त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. पण सिमेंट नको आणि रंग तर नकोच. जुनी चिरेबंदी श्वास घेते, दगडातला ओलावा सांध्यांतून बाहेर पडतो. सिमेंटनं सांधे बंद झाले, की तो ओलावा दगडातच अडकतो, क्षार वर येतात आणि काही वर्षांत दगडाचेच पापुद्रे सुटतात. दुरुस्ती चुन्यात करायची आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याकडूनच. तोवर ढासळलेल्या दगडांवर खडूनं क्रमांक घालून, फोटो काढून, ते बारवेच्या काठावर रांगेत मांडून ठेवा. भिंतीतलं पिंपळाचं रोप उपटू नका, मुळांबरोबर चिरे निघतात. नुसतं कापा आणि पुन्हा फुटलं की पुन्हा कापा.

त्याआधी एक चौकशी करा : बारव केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित आहे का? असेल तर लेखी परवानगीशिवाय एक चिराही हलवता येत नाही. नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. उरलेला गाळ यंत्रानं काढू नका, घमेल्यानंच काढा आणि प्रत्येक थर बघून टाका. मूर्ती, नाणी, लेखाचा दगड सापडला, तर धुऊन पुसून शेंदूर न लावता तो होता तसा ठेवा आणि त्याच दिवशी तहसीलदारांना कळवा.

आणि पाणी उपसण्याआधी आजची पातळी मोजा. वरून कितव्या पायरीला आहे ते तारखेसह लिहून ठेवा.