एका आघातात किती स्वर

प्रिय दोस्ता,

मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांनी वाजवलेली ‘वातापि गणपतिम्’ ही कर्नाटक संगीतातली कृती, म्हणजे बांधलेली रचना, ऐकून तू काल लिहिलंस, ‘काय हात चालतो या माणसाचा!’ खरंच चालतो. पण आज तेच रेकॉर्डिंग हेडफोनवर लाव आणि फक्त सुरुवातीची ओळ ऐक, पुनःपुन्हा. पुढे जाऊ नकोस.

मँडोलिनची तार छेडली की स्वर लगेच विरायला लागतो. म्हणून सिनेसंगीतात बहुतेक वेळा एकच स्वर भराभर छेडून लांबवतात. कर्नाटक संगीताचं त्याने भागत नाही. तिथे स्वर गमकाने हलतो, शेजारच्या स्वराला शिवून परत येतो. नेहमीच्या मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, आणि एका बोटाखाली दोन तारा सारख्याच खेचणं महाकठीण. श्रीनिवासांनी जोड्यांऐवजी पाच सुट्या तारा घेतल्या, वाद्य इलेक्ट्रिक घेतलं. नाद टिकला, आणि डाव्या हाताला त्यातून गमक काढायला सवड मिळाली.

तेव्हा वेग बाजूला ठेव आणि एवढंच मोज: उजव्या हाताचा ‘टक्’ एकदा आला, तर पुढच्या ‘टक्’पर्यंत किती स्वर निघाले? मी असं मोजायला लागलो, त्या दिवशी मला पहिल्या ओळीतलं ‘भजेऽहम्’ पहिल्यांदा शब्दासारखं ऐकू आलं. तोवर कित्येक वर्षं मीही नुसत्या बोटांवरच खूश होतो.

१९६९ साली आंध्रातल्या पालकोल्लूत जन्मलेल्या या मुलाचे गुरू रुद्रराजू सुब्बराजू मँडोलिन वाजवतच नव्हते. ते गायचे, आणि मुलगा ते वाद्यावर काढायचा. मला वाटतं, सगळं इथेच घडलं. वादकाकडून शिकताना बोटांच्या सोयीही आपसूक उचलल्या जातात. इथे समोर गळा होता, आणि गळ्याला वाद्यासारखे पडदे नसतात.

म्हणून तूही आधी हीच कृती एखाद्या चांगल्या गायकाकडून ऐक. मुत्तुस्वामी दीक्षितरांची ही रचना. पहिली ओळ तरी पाठ कर. त्या ओळीच्या एकामागून एक ‘संगती’ येतात. शब्द तेच, चाल मात्र दर खेपेला थोडी अधिक फुलते. शब्द तोंडात असले की वाद्यातला फरक आपोआप कळतो. तिचा राग हंसध्वनी तुला परका नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो हिंदुस्थानी गायकीत रुजवला. म आणि ध वर्ज्य, म्हणजे गंधारावरून थेट पंचमावर जायचं. ते अंतर श्रीनिवास कुठे घसरत कापतात आणि कुठे टप्पा घेतात, तिकडे कान ठेव.

हाताने आदितालही धर: टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी-उलटा हात, टाळी-उलटा हात. आठ मात्रा. सुरुवातीला चुकेल, चुकू दे. स्वरप्रस्तार, म्हणजे आयत्या वेळी सुचलेल्या स्वरांची गुंफण, सुरू झाला की साथीचा व्हायोलिनवाला श्रीनिवासांच्या वाक्याला उत्तर देईल. गजाचा स्वर अखंड, छेडलेला स्वर विरणारा. दोघं एकाच वळणाचं वाक्य म्हणतात तेव्हा मँडोलिनने किती कष्टाने काय मिळवलंय ते लख्ख दिसतं. मला तरी ही जागा सगळ्यात प्यारी आहे.

श्रीनिवास सप्टेंबर २०१४ मध्ये गेले, अवघ्या ४५व्या वर्षी. आता समोर बसून ऐकणं नाही, रेकॉर्डिंग आहे. पण रेकॉर्डिंग मागे नेता येतं. ने. आठवडाभर ही एकच कृती ऐक, आणि कितव्या संगतीला शब्द ऐकू आले ते मला कळव.

तुझा,
काका