आनुवंशिक, आणि पोकळ वासा

प्रश्न आहे: ‘रंगांधत्व अनुवांशिक असते’ असं लिहावं की ‘आनुवंशिक’? आणि सरळ ‘जन्मजात’ म्हटलं तर?

आनुवंशिक. दुसरं काही नाही. ‘इक’ लागला की मूळ शब्दाचा पहिला स्वर वाढतो. समाजाचं सामाजिक होतं, अनुभवाचं आनुभविक. अनुवंशातला पहिला स्वर ‘अ’, तोच ‘आ’ होणार. ‘अनुवांशिक’वाले ही वृद्धी दोन घरं पुढे ढकलतात. आनुषंगिकचं ‘अनुषांगिक’ करणारेही हेच. डॉक्टरांपासून बातमीदारांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हे ऐकून कान किटले आहेत.

‘वांशिक’ हा शब्द बरोबर आहे, त्याला पुढून ‘अनु’ डकवला की झालं, असं लोकांना वाटत असावं, हा माझा तर्क. काही संस्कृतज्ञ मात्र इथे पारलौकिक, आधिभौतिक यांचा दाखला देतात: दोन्ही पदांत वृद्धी होते ना, मग ‘वां’ का नको? अहो, पण त्या शब्दांत पहिलं पदही वाढलंय! तुमचाच नियम लावला तर ‘आनुवांशिक’ होईल. ‘अनुवांशिक’ कुठल्याच वाटेने निघत नाही. ‘रूढ झालंय, चालू द्या’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, ते व्याकरणात मोडत नाही.

खरी मजा ‘वंश’ या शब्दात आहे. वंश म्हणजे आधी बांबू, कळक. ऋग्वेदात इंद्राला स्तुतीने वंशासारखा उंच उभारतात, तो वंश म्हणजे खांब. बांबूची ती बासरी ‘वंशी’, पाठीचा कणा ‘पृष्ठवंश’, आणि आपल्या छपराचा ‘वासा’ही याच वंशातून घसरत आलेला. आता ‘बडा घर पोकळ वासा’ पुन्हा म्हणून बघा. घर म्हणजे घराणं, वासा म्हणजे वंश, आणि बांबू पोकळच! म्हण रचणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण भाषेला ठाऊक होतं असं मला मनापासून वाटतं.

बांबूवरून कूळ कसं झालं? पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी, हे माझं मत. पण उपमा इथेच तुटते, हेही सांगायला हवं. बांबूच्या बेटातले सोट बहुधा जमिनीखालच्या एकाच खोडातून फुटतात, म्हणजे सगळे एकमेकांच्या नकला. आनुवंशिकतेचा खेळ दोघांच्या वाट्यातून सुरू होतो. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या वाटाण्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे गोल. सुरकुती गेली म्हणावं, तोच पुढच्या पिढीत 5474 गोलांबरोबर 1850 सुरकुतलेले परत हजर. त्याने हे 1866 मध्ये छापलं आणि 1900 पर्यंत फारसं कुणी वाचलं नाही. लपलेल्या गुणाला मराठीत ‘अप्रभावी’ म्हणतात, तो शब्द मला पटत नाही. तो गुण दुबळा नसतो, जोडीला दुसरा तसाच मिळेपर्यंत दडून बसतो. ‘सुप्त’ म्हणा की!

‘गाणं रक्तातच आहे’ हेही चालू दे, फक्त माणसाच्या प्रौढ लाल पेशीत केंद्रकच नसतं, म्हणजे गुणसूत्रंही नसतात. रक्तातला वारसा पांढऱ्या पेशींकडे.

हो, ‘जन्मजात’ राहिलंच. जन्मजात म्हणजे जन्मताना असलेलं, एवढंच. गरोदरपणी आईला रूबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ बहिरं जन्मू शकतं, ते जन्मजात आहे, आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनचा आजार, म्हणजे मेंदू हळूहळू झिजवणारा रोग, आईबापांपैकी एकाकडून येतो, प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, आणि लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर. तो आनुवंशिक, पण जन्मताना काही दिसत नाही. रंगांधत्व बहुतेकदा दोन्ही असतं. त्यामुळे तुमच्या वाक्यात दोन्ही शब्द बसतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.