स्किल म्हणजे कौशल्य की कसब?

प्रश्न असा आला आहे: ‘स्किल’ला मराठीत कौशल्य म्हणावं, कसब म्हणावं की हातोटी? तिन्ही एकच का?

एकच नाहीत. सुईत दोरा ओवायचा असतो तेव्हा टोक ओलं करून, चिमटीत धरून नेमकं पुढे सरकवणं जमलं, तर ती हातोटी. पुढचं बेतणं, कापणं, शिवणं शिकून अंगी आणलं, तर ते कौशल्य. आणि तिरकं गेलेलं कापड वाया न घालवता त्याच्यातूनच नीट बसणारा अंगरखा काढला, तर बघणारा म्हणतो, ‘काय कसब आहे!’ कौशल्य शिकवता येतं, मोजता येतं. कसब पणाला लागतं.

‘कसब’ अरबीतून आला. मुळात तो कमाईचा शब्द, म्हणजे पोट भरणारी कला. अनेकवचन मात्र टाळावं. ‘त्याच्याकडे अनेक कसबे आहेत’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, गावं इनाम मिळाली आहेत.

‘कुशल’ची गोष्ट जुनी आहे. कुश म्हणजे दर्भ. त्याची पाती धारदार, म्हणून हात न कापता तो खुडून आणणारा तो कुशल, अशी व्युत्पत्ती सांगतात. संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ‘कर्मणि कुशलः’ (कामात कुशल) हे रूढ लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सोडून वापराने रुळलेल्या दुसऱ्या अर्थाचं, उदाहरण म्हणून दिलं. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं असं की शब्द कशावरून बनला हे वेगळं आणि तो कशासाठी वापरतात हे वेगळं. ‘निपुण’ हाच कुशलचा मुख्य अर्थ. मला विश्वनाथाची बाजू पटते, पण दर्भाची गोष्ट सोडवत नाही.

गंमत म्हणजे इंग्रजी ‘स्किल’ मात्र हातातून आलेला नाही. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘स्किल’ म्हणजे भेद, वेगळं करणं. इंग्रजीत आल्यावरही आधी तो समज, तारतम्य या अर्थाने चालला. हातचं काम जमण्याचा अर्थ नंतर पक्का झाला. आपल्याकडे ‘विवेक’ही वेगळं करण्यावरूनच आला, पण तो डोक्यातच राहिला, हातात उतरला नाही.

तेव्हा अभ्यासक्रमात, अर्जात, जाहिरातीत ‘कौशल्य’ लिहा. एखाद्याचं काम बघून थक्क झालात तर ‘कसब’. ‘टॅलेंट’ला मात्र यांतलं काहीच लावू नका, ते उपजत असतं, त्याला ‘गुण’ पुरतो. आणि हो, कौशल्यातला श शहामृगाचा. स घातलात की ती रामाची आई होते.